मालमोटार मागून आपटते तेव्हा

भरलेली मालमोटार खड्ड्यातून जाते आणि तिच्या मागच्या अंगातून ‘धाड्’ असा आवाज येतो. तो आवाज चाकाचा नसतो, मालाचाही नसतो. गाडीचा सांगाडा आणि मागचा आस यांच्यामध्ये जी मोकळी जागा ठेवलेली असते, ती त्या क्षणापुरती संपलेली असते आणि लोखंड लोखंडाला जाऊन भिडलेले असते. फ्रीगंज हे उज्जैनच्या जुन्या शहरापासून रेल्वेमार्गाने वेगळे झालेले आहे. त्या मार्गावरील पूल उतरून रात्री जाणाऱ्या गाड्यांकडे जरा कान दिला, तर सांध्यावरून निमूटपणे जाणारी गाडी कोणती आणि आपटत जाणारी कोणती, हे घरबसल्या ओळखता येते. ‘गाडी मागून आपटते’ ही तक्रार घेऊन चालक मिस्त्रीकडे जातो, आणि पुष्कळदा मिस्त्री गाडीखाली न वाकताच उत्तर देतो, “एक पाटा वाढवून टाकू.” या उत्तराबद्दलच आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम ही कमान म्हणजे काय ते पाहू. उज्जैनकडील मिस्त्री तिला ‘कमानी’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘पाटे’ म्हणण्याची चाल अधिक. वस्तू एकच. लांबीने उतरत्या अशा पोलादी पट्ट्या एकावर एक रचून मधोमध एका बोल्टाने गुंफावयाच्या, त्यांना किंचित बाक द्यावयाचा, सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके सांगाड्याला अडकवावयाची आणि मध्यभाग आसावर इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी घट्ट आवळावयाचा. टांग्यातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांनी ही रचना अगदी जवळून पाहिलेली असेल. इंग्लंडात ओबाडाया एलियट याने १८०४ साली घोडागाडीसाठी अशा कमानीचे पेटंट घेतले. घोडे गेले, तेलावर चालणारी यंत्रे आली, पण मालवाहू गाडीच्या मागच्या आसावरून ही कमान अद्याप हटलेली नाही. कारण एकाच वस्तूकडून ती तीन कामे करून घेते. ओझे झेलणे हे पहिले, आसाला त्याच्या जागी धरून ठेवणे हे दुसरे, आणि पट्ट्या एकमेकींवर घासून गाडीचे हेलकावे शमविणे हे तिसरे. यांतले दुसरे काम लोकांच्या ध्यानात राहत नाही. मुख्य पाटा तुटला म्हणजे केवळ गाडी कलते असे नव्हे. आसाचे एक टोक मागे सरकू शकते आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी धावू लागते. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला याची पूर्वसूचना मिळत नाही.

आता त्या वाढवावयाच्या पाट्याचा हिशेब करून पाहू. समजा, कमानीत दहा पाटे आहेत आणि पूर्ण भरावर ती १२० मिलिमीटर दबते. त्याच जाडीचा अकरावा पाटा घातला, तर ताठपणा सुमारे एकदशांशाने वाढतो आणि तीच कमान त्याच भरावर साधारण १०९ मिलिमीटर दबते. पदरात काय पडले? अकरा मिलिमीटर, म्हणजे करंगळीची रुंदीही धड नाही. उलट, जुनी कमान बसून तिचा बाक तीनचार बोटे उतरलेला असेल, तर ही करंगळी त्या खड्ड्याला काय पुरणार? मग आणखी एक पाटा, त्यावर आणखी एक, किंवा जाड पाटा. जाडीचा हिशेब तर फारच निसरडा आहे. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दहा मिलिमीटरऐवजी बारा मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा पावणेदोन पट ताठ होतो, इतरांपेक्षा अधिक भार स्वतःकडे ओढून घेतो आणि पुष्कळदा तोच प्रथम तुटतो.

आवाज मात्र थांबतो, हे खरे. चालक खूश, मालक खूश. परंतु खड्डा जेवढा होता तेवढाच असतो. पूर्वी जो धक्का कमान दबून पोटात घालीत असे, तो आता कमानीच्या टोकांतून सांगाड्याला, तेथील रिव्हेटांना, टायरांना आणि खालच्या रस्त्याला मिळतो. काही महिन्यांनी सांगाड्याला, कमान जेथे अडकवलेली असते त्या कोंबड्यापाशी, केसासारखी चीर दिसू लागली म्हणजे कोणालाही त्या पाट्याची आठवण होत नाही.

यासाठी तक्रार नीट समजून घ्यावयास हवी. गाडी आपटते याचा अर्थ जागा संपते. ताकद संपते असा त्याचा अर्थ नेहमीच होत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा की, ती जागा कोठे गेली?

‘पोलाद मऊ पडले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो शास्त्राला धरून नाही. पोलाद तापवून तेलात बुडविले, पुन्हा बेताने तापविले, तर त्याची सहनशक्ती पुष्कळ बदलते, परंतु ठरावीक ओझ्याखाली ते किती वाकेल हे जवळजवळ बदलत नाही. वर्षानुवर्षे ओझे वाहून कमानीचा बाक कमी होतो. ती खाली बसते, पण पुढच्या टनाला पूर्वीइतकीच दबते. म्हणून बसलेली कमान ही एक गोष्ट आणि ताठपणा गमावलेली, म्हणजे आतला एखादा पाटा तुटलेली कमान ही दुसरी. वरून पाहिले तर दोन्ही गाड्या सारख्याच कललेल्या दिसतील. त्यांना वेगळे करावयास एक फूटपट्टी पुरते.

गाडी सपाट जागी उभी करावी. आसावरची गादी आणि तिच्या वर सांगाड्याला बसविलेला रबरी ठोकळा यांमधले अंतर दोन्ही बाजूंना मोजावे, एकदा रिकामी असताना आणि एकदा भरल्यावर. समजा, रिकाम्या गाडीत डावीकडे १५० आणि उजवीकडे १७२ मिलिमीटर भरले, आणि माल चढविल्यावर अनुक्रमे ४२ आणि ६४. दोन्ही कमानी १०८ मिलिमीटरच दबल्या. ताठपणा सारखा आहे, डावीचा बाक मात्र २२ मिलिमीटर उतरला आहे. येथे पाटा वाढविणे म्हणजे पाय आखूड झाला म्हणून जोड्यात दगड घालण्यासारखे आहे. आता दुसरी स्थिती घ्या. रिकाम्या गाडीत १७० आणि १७२, म्हणजे फरक नाहीच म्हणा ना. भरल्यावर मात्र ४२ आणि ६४. डावी बाजू १२८ दबली, उजवी १०८. एकतर डावीकडचा एखादा पाटा तुटला आहे, किंवा माल डावीकडे अधिक चढला आहे. भरलेल्या गाडीचे आकडे दोन्ही वेळा एकच होते. रिकाम्या गाडीचे मोजले नसते, तर दोन निराळे रोग एकाच औषधाने बरे करण्याचा प्रयत्न झाला असता.

डावी बाजू मी उगाच घेतलेली नाही. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. डांबराची तुटलेली कड, कच्ची साइडपट्टी हे सारे डाव्या चाकांच्या वाट्याला येते. डावी कमान आधी बसावी यात नवल नाही. मात्र दोन्ही कमानी सारख्याच बसल्या असतील, तर डाव्या-उजव्यांच्या तुलनेत काहीच उमगणार नाही. त्यासाठी कारखान्याने दिलेल्या पुस्तिकेतील माप पाहावे, नाहीतर त्याच नमुन्याची कमी धावलेली गाडी शेजारी उभी करून मोजावी.

उभ्या गाडीत मापे ठीक आली आणि तरीही चालक म्हणतो की आपटते, तर चालकावर विश्वास ठेवावा. दिवसचे दिवस तो त्या आवाजावर बसून असतो. रबरी ठोकळ्याखाली, आसाची गादी स्वच्छ पुसून, तिच्यावर मळलेल्या चिकणमातीचा एक उंच गोळा घट्ट बसवावा आणि गाडी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या मालासह पाठवावी. परत आल्यावर त्या मातीची उरलेली जाडी मोजली की प्रवासातील सर्वांत कमी अंतर किती राहिले ते कळते. एका बाजूची माती कागदासारखी चपटी झाली आणि दुसरीकडची बोटभर उरली, तर वादच मिटला. आणि दोन्हींकडे माती चांगली जाड उरली असेल, तर आवाज कमानीचा नव्हेच. मग हौदा सांगाड्याला बांधणारे बोल्ट सैल आहेत काय, मागचा फाळका आदळतो काय, टायर हौद्याच्या तळाला लागून तेथे काळा पट्टा उमटला आहे काय, हे पाहावे. रबरी ठोकळा झिजून किंवा तुटून गेलेला असणे हेही एक साधे कारण आहे. रबर असेल तर आवाज बोदा येतो, नसेल तर ठण्णकन येतो, आणि नव्या रबराची किंमत पाट्यापेक्षा पुष्कळ कमी असते. कदाचित म्हणूनच ते कोणी सुचवीत नसावे!

आवाज केव्हा येतो हेही विचारावे. एकाच खोल खड्ड्यात, पहिल्या धक्क्यालाच येत असेल, तर जागा कमी आहे. पण पहिल्या उंचवट्यावर काही होत नाही, दुसऱ्यावर गाडी अधिक झुलते आणि तिसऱ्यावर आपटते, असे असेल तर गोष्ट निराळी. माळव्याची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर पुरेशा पायाविना बांधलेला रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा नाही, पण सपाटीही नाही. भरावर १०० मिलिमीटर दबलेली कमान स्वभावतःच सेकंदाला सुमारे दीड वेळा वरखाली होऊ पाहते. रस्त्यावरील लाटा नऊनऊ मीटरांवर असल्या आणि गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली, तर लाटाही सेकंदाला सुमारे दीडच येतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारावा तसा प्रकार होतो. अशा वेळी ताशी दहा किलोमीटर वेग कमी करून त्याच तुकड्यावरून पुन्हा जावे. आवाज थांबला, तर दोष कमानीच्या उंचीत नसून झोका शमविणाऱ्या व्यवस्थेत आहे. शॉक अॅब्सॉर्बर असतील तर त्यांतून तेल गळते आहे काय ते पाहावे. पुष्कळ जुन्या मालमोटारींना मागे ते नसतातच, पाट्यांचे घर्षणच ते काम करते. येथे पाटा वाढवून झोका थांबत नाही. तो दुसऱ्या वेगाला सुरू होतो, एवढेच.

आता मालाकडे वळू. आगर रस्त्यावरील चिमणगंज मंडीतून सोयाबीन किंवा गहू भरून निघालेली गाडी आणि वाळू किंवा खडी भरलेली गाडी, यांचे हौदे सारखे दिसले तरी भार सारखा नसतो. सोयाबीनचे वजन घनमीटरला पाऊण टनाच्या आसपास, तर ओल्या वाळूचे त्याच्या दुपटीहून अधिक. २०२८ सालच्या सिंहस्थाच्या तयारीची बांधकामे उज्जैनमध्ये चालू असताना, एरवी धान्य वाहणारी गाडी खडीच्या फेऱ्यांना लावण्याचा मोह मालकाला पडणे स्वाभाविक आहे. अर्ध्याच भरलेल्या हौद्याकडे पाहून गाडी हलकी वाटते. डोळ्यांना वाटते, कमानीला नव्हे.

वजनापेक्षाही अधिक फसवी गोष्ट म्हणजे माल कोठे ठेवला ही. पुढच्या आणि मागच्या आसांत ४.२ मीटर अंतर असलेल्या गाडीत दहा टन माल भरला आणि त्याचा मध्य मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर पुढे राहिला, तर त्यातील सुमारे ८.६ टन मागच्या आसावर येतात. तोच माल मागे सरकून मध्य नेमका आसावर आला, तर पूर्ण दहा टन मागे. आणखी ३० सेंटिमीटर मागे गेला, तर मागे १०.७ टन! म्हणजे मालाच्या एकूण वजनापेक्षाही अधिक, कारण तेवढ्याने पुढची चाके उचलली जातात आणि स्टिअरिंग हलके लागू लागते. पावतीवर तिन्ही वेळा दहा टनच लिहिलेले असतात. हमाल फाळक्यापाशी उभे राहून पोती रचतात आणि पुढे जागा उरली तरी मागेच थर चढवितात. यात त्यांचा दोष नाही, त्यांना दिवसाला किती गाड्या भरल्या यावर मजुरी मिळते. म्हणून धर्मकाट्यावर गाडीचे एकूण वजन करून भागत नाही. पुढची चाके काट्याबाहेर ठेवून मागच्या आसाचे वजन निराळे करून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि माझ्या मते साऱ्या परीक्षेत याच्याइतके फलदायी दुसरे काही नाही.

दोन्ही बाजूंना जोडटायर असलेल्या एकेरी आसावरील मर्यादा २०१८ साली केंद्र सरकारने १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. नियमातला आकडा वाढला म्हणून त्याआधी बांधलेल्या गाडीच्या कमानीतले पोलाद वाढले नाही. रस्त्याचेही तसेच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी अहोरात्र चालवून पाहिल्या. त्या प्रयोगांतून असे दिसले की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट केला तर झीज पाचपट, आणि दुप्पट केला तर सोळापट. आज वाढविलेला पाटा उद्याच्या खड्ड्याची सोय करून ठेवतो आणि त्याच खड्ड्यात ती गाडी पुन्हा आपटते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे. तरीही हिशेबी मालक तो फेऱ्यांवर पसरून टाकतात. जादा पाटा हा बहुतेक वेळा दुरुस्ती नसून जादा मालाची पूर्वतयारी असते, हे मिस्त्रीला ठाऊक असते, मालकाला तर असतेच. चालकाला विचारलेले नसते, आणि मुख्य पाटा तुटेल तेव्हा गाडीत मात्र तोच असतो.

राहता राहिले गाडीखाली वाकणे. हे काम शेवटी करावे असे मी म्हणतो याचे कारण असे की, वरील मापे हाती असली म्हणजे काय शोधावयाचे हे ठाऊक असते. गाडी आधी पक्क्या ठोकळ्यांवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर भरल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. तारेच्या ब्रशाने पाट्यांच्या कडा साफ कराव्यात. तुटलेला पाटा इतरांत दबून जागच्या जागी राहतो आणि चिखलाखाली महिनोन्महिने दिसत नाही. तुटला असेल तर कोठे तुटला ते पाहावे. मधल्या बोल्टाच्या छिद्रातून तुटला असेल, तर यू-बोल्ट सैल होते असे समजावे. ते घट्ट असते तर त्या जागी वाकच बसला नसता. यू-बोल्टांच्या कडेला लागून तुटला असेल, तर बहुधा जादा भार. मुख्य पाटा टोकाच्या डोळ्यापाशी तुटला असेल, तर कमान वर उसळताना पाट्यांना एकत्र धरणाऱ्या पकडी गेल्या आहेत काय ते पाहावे. भंगाचा पृष्ठभागही बोलका असतो. एक भाग तांबूस, गुळगुळीत आणि उरलेला चकचकीत, दाणेदार असेल, तर चीर फार पूर्वीच पडली होती आणि तुटणे तेवढे आजचे.

कित्येक गाड्यांना मुख्य कमानीवर एक छोटी जोडकमान असते. तिला सर्वत्र ‘हेल्पर’ म्हणतात. गाडी एका मर्यादेपलीकडे दबली की तिची टोके आपल्या टेकूंना लागतात आणि ती कामाला लागते. त्या टेकूंवर घासून चकाकी आली आहे की गंज बसला आहे, हे पाहावे. भरून धावणाऱ्या गाडीत तेथे गंज दिसला, तर हेल्पर इतकी वर्षे नुसती बसून प्रवास करीत आहे! टेकू झिजलेला असतो, नाहीतर हेल्परचाच बाक गेलेला असतो. तेवढे सुधारले की पुष्कळदा आपटणे बंद होते आणि मुख्य कमानीला हात लावावा लागत नाही.

कमान खरोखरच बसली असेल तर दोन मार्ग आहेत. नवी घालणे, किंवा जुनीला बाक भरून घेणे. बाक भरणे हे जुने आणि कसबाचे काम आहे, पण भट्टीत नुसते लाल करून ठोकलेला पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो. तापविणे, तेलात विझविणे आणि पुन्हा ठरावीक उष्णतेला आणणे या तिन्ही पायऱ्या जेथे होतात तेथेच ते काम द्यावे. कारखान्यात पाट्याच्या वरच्या, म्हणजे ताण पडणाऱ्या पृष्ठावर बारीक छर्‍यांचा मारा करून त्याला चिरेविरुद्ध बळकटी दिलेली असते. भट्टीत तापविल्यावर ती जाते. म्हणून फार धावलेल्या कमानीला बाक भरण्यापेक्षा नवी घ्यावी असे मला वाटते, आणि शक्यतो दोन्ही बाजूंची एकदम.

कमान परत बसविल्यावर यू-बोल्ट गाडी रिकामी असताना आवळलेले असतात. पहिली भरलेली फेरी झाली की पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि बोल्ट थोडे ढिले पडतात. तेव्हा गाडी परत आली की ते पुन्हा आवळावेत, ठोकळ्याखालचे अंतर डावीउजवीकडे पुन्हा मोजावे आणि ते आकडे तारखेसह चालकाच्या दाराच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावेत.